बायकांसाठी एमटीबीचे बूट : काळी माती, रुंद चवडा आणि बधिर बोटं

अन्नपूर्णा_रोड

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आधी शोधलं होतं. सायकलींवर इथे ढिगाने धागे आहेत, बुटांवर एकच, आणि त्यातही चौथ्या प्रतिसादापासून हेल्मेटवरून जुंपली आहे.

मी इंदूरची, वय ४३. सायकल साधी हार्डटेल माउंटन बाइक (एमटीबी), म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, फक्त पुढे १०० मिमीचं. सुपर कॉरिडॉरवर येरझाऱ्या घालून कंटाळले, तेव्हा मागच्या हिवाळ्यापासून खंडवा रोडने सिमरोल, उमरीखेडा, तिंछा असं कच्च्यात शिरायला लागले. आता डांबरावर मन रमत नाही. पायात पळायचे जुने बूट. दीड तासाने तळपायाच्या कमानीत कळ यायची, पेडलचा ठसा पायावर उमटलाय की काय असं वाटायचं. म्हणून नीट बूट घ्यायचं ठरवलं. जानेवारीत ३० किमीच्या एका क्रॉस-कंट्री शर्यतीत नाव द्यायचंय.

इथल्या एका दुकानात बायकांचा असा एकच जोड होता. राखाडी, कडेला जांभळी पट्टी, ३९ नंबर. टाचेला अगदी मापून शिवल्यासारखा बसला, पण चवडा दोन्हीकडून चेपला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दो दिन पैन लो, फैल जाएगा." घेतला. त्यानेच एसपीडी पेडल दिले (बूट अडकतो ते), आणि बुटाखाली क्लीट, म्हणजे पेडलात अडकणारा तुकडा, लावून दिलं. दीड महिना झाला. बूट काही फैलला नाही, माझीच बोटं बधिर होतात. घड्याळ लावून पाहिलंय, चाळीस मिनिटं.

मग पुतण्याचे जेन्ट्स ४१ घालून पाहिले. चवडा ऐसपैस, पण टाच दर फेरीला वर येते, जत्रेतल्या लाकडी घोड्यासारखी.

आता विचारायचं ते असं की बायकांचे बूट हे खरंच वेगळं प्रकरण असतं की नुसती जांभळी पट्टी? एवढं कडक सोल लागतं का? डायलवाले (चकती फिरवून तार आवळायचे) घ्यावेत की वेल्क्रोवाले? बजेट दहापर्यंत, फारच चांगलं काही असेल तर बारा. नवऱ्याचं मत विचारू नका, तो म्हणतो स्कूटर आहे की घरात.

अरुंद_गल्ली

वाचतेय. मलाही हवेत. मीही इंदूरच, रामबाग.

भटकभवानी

स्वागत आहे ताई! धागाकर्तीने दोन मापं घालून पाहिली आणि घड्याळही लावलं, हे पाहून डोळे पाणावले. नाहीतर इथे "कोणते बूट चांगले?" एवढंच विचारून लोक गायब होतात.

नाशिकहून लिहितेय, पाच वर्षं एमटीबी, त्यातली तीन क्लिपलेसवर. इतरांसाठी थोडं पुराण सांगते. क्लिपलेस म्हणजे ज्यात बूट पेडलला अडकतो ते. नाव उलटं वाटतं, कारण पूर्वी पेडलवर पिंजऱ्यासारखी टो-क्लिप असायची. ती गेली म्हणून क्लिपलेस. रोडच्या बुटांना बहुतेक तीन स्क्रूचं मोठं क्लीट असतं, तळाच्या बाहेर आलेलं. ते घालून चार पावलं चाललात तर बदक. एमटीबीला असं चालत नाही, कारण इथे उतरून सायकल ढकलावी लागते. म्हणून १९९० मध्ये शिमानोने एसपीडी आणलं. छोटं धातूचं क्लीट, दोन स्क्रू, तळाच्या खाचेत बसणारं, आजूबाजूला रबराचे दाते. क्रॉस-कंट्रीचा बूट घेताना पहिली खात्री हीच करायची की खाली दोन स्क्रूची खाच आहे. तुमच्याकडे पेडल एसपीडीच आहेत, तेव्हा हा प्रश्न सुटला.

कडकपणाचं म्हणाल तर हवाच, पण किती, ते तुम्ही किती चालता त्यावर. एसपीडीचं पेडल हातात धरून बघा, सगळा जोर रुपयाच्या दोन नाण्यांएवढ्या जागेवर येतो. मऊ तळ तिथे वाकतो आणि तुमच्या कमानीत ती कळ येते. शिमानो आपल्या बुटांना १ ते १२ असा कडकपणाचा आकडा देते. शर्यतवाले वरच्या टोकाचे कार्बन घेतात. आपल्यासारखीला मधलं नायलॉनचं सोल पुरे. दहा हजारांत कार्बनचा मोह धरूही नका.

गंजकी_चेन

सगळं मार्केटिंग आहे. आमचे आजोबा देवास ते इंदूर रोज चपलेत सायकल मारायचे, त्यांची बोटं कधी बधिर झाली नाहीत. आधी गरज तयार करायची, मग बूट विकायचे. कॅनव्हासचे बूट घाला आणि मजा करा.

भटकभवानी

@गंजकी_चेन, आजोबांना नमस्कार. पण आजोबांचं पेडल रुंद रबरी होतं आणि रस्ता सपाट. फ्लॅट पेडल वाईट आहे असं कोणीच म्हणत नाहीये. टोकदार पिनांचं चांगलं फ्लॅट पेडल, त्यावर मऊ चिकट रबराचा सपाट तळ, हा स्वतंत्र संसार आहे आणि उतारावर कित्येक जण तोच पसंत करतात. नव्याने शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझंही मत. पण धागाकर्तीकडे एसपीडी लागून झालेत आणि तिला चढ चढायचेत. एसपीडीवर कॅनव्हास घातलात तर पाय घसरून नडगी फुटेल. माझ्या नडगीवर तीन खुणा आहेत, हवं तर फोटो टाकते.

गंजकी_चेन

फोटो नको.

राऊचा_भाऊ

ताई, घरचाच विषय काढलात. मी राऊचा. तिंछाकडचा कच्चा रस्ता, जानापावचा चढ, पातालपाणीच्या वरचं पठार, सगळीकडे तोंडावर पडून झालंय.

बूट कोणते ते बायका सांगतीलच. मी फक्त मातीचं सांगतो, कारण पुण्या-नाशिकच्या लोकांना आपली माती माहीत नाही. (भटकभवानी, हलके घ्या.) माळव्याची काळी माती पाण्याने फुगते. आपल्याकडे म्हणतात ना, "डग डग रोटी, पग पग नीर". पग पग नीर म्हणजे पग पग चिखल, हे ज्याने ओल्या शेताच्या बांधावरून सायकल ढकलली त्यालाच कळतं. लाल मुरूम झटकला की पडतो. ही पडत नाही. दहा पावलांत बुटाखाली इंचभर थर, वीस पावलांत तुमची उंची वाढलेली, आणि क्लीट कुठे आहे ते देवाला ठाऊक.

माझी फजिती ऐका. तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबर. उमरीखेड्याच्या अलीकडे एक ओहोळ लागतो. उतरलो, ढकलत पलीकडे गेलो, चढून बसलो. डावा पाय अडकेचना, मातीचा गोळा मधे. उजवा कसाबसा अडकला, पण मातीसकट, म्हणजे अर्धवट. चार फेऱ्या मारल्या, चढावर वेग संपला, उजवा सोडवायला गेलो तर सुटेना. टाच बाहेर फिरवतोय, फिरवतोय, आणि सायकलसकट सावकाश आडवा. अगदी सावकाश. शेजारी एक म्हैस उभी होती, तिने मान वळवून पूर्ण बघितलं.

तेव्हापासून जुन्या चाकातला एक तुटका स्पोक टोकाला वाकवून फ्रेमपिशवीत ठेवलाय. क्लीटच्या भोवतीची माती उकरायला यासारखं हत्यार नाही. काडी मोडते, बोटाने निघत नाही.

तर बूट बघताना उलटा करून बघा. दाते दूरदूर आणि खोल असले तर माती पडायला जागा राहते. जवळजवळ, बारीक नक्षीचे असले तर ती भरते आणि तळ गुळगुळीत होतो. आणि कडक प्लास्टिकचे दाते नकोत, रबर हवं. जानापावला वरच्या टप्प्यात काळा दगड आहे. दव पडलेलं असलं की त्यावर प्लास्टिक घसरतं.

अरुंद_गल्ली

म्हैस :)

टाचणी

बडोद्याहून. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि वीकेंडला पावागढच्या बाजूला सायकल चालवते, म्हणून दोन्हीकडून बोलू शकते. लांब लिहिणार आहे, माफ करा.

पहिला प्रश्न, वेगळं प्रकरण की जांभळी पट्टी? दोन्ही. सारख्याच लांबीचा पुरुषाचा आणि बाईचा पाय शेजारी ठेवला तर साधारणपणे बाईची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते आणि पावलाचा वरचा उंचवटा थोडा कमी. म्हणून पुरुषाचा बूट नुसता लहान करून दिला तर टाच आत हलते, वरून पोकळी राहते. मोची ज्याला कलबूत म्हणतो, तो लाकडी पाय ज्यावर बूट ओढून शिवतात, तोच वेगळा लागतो. काही कंपन्या खरोखर वेगळं कलबूत वापरतात. काही फक्त मापं छोटी करतात आणि रंग बदलतात. दुकानात हे विचारून कळत नाही, पाय घालूनच कळतं.

पण यात आपली एक अडचण आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे पाय मी रोज बघते. लहानपणापासून घरात अनवाणी, बाहेर चपला. चवडा छान पसरलेला असतो, जो तब्येतीला चांगलाच. बाहेरच्या देशांतल्या कलबुतावरचा "वुमेन्स" बूट टाचेपासून बोटांपर्यंत सगळाच अरुंद असला की टाच खूश आणि चवडा रडवेला. धागाकर्तीचं नेमकं तेच झालंय. म्हणजे तुम्हाला हवाय तो रुंद चवड्याचा आणि घट्ट टाचेचा बूट. डब्यावर काय लिहिलंय त्याने फरक पडत नाही. काही कंपन्या एकाच मॉडेलमध्ये रुंद माप काढतात, तेही बघा.

माप असं घ्या. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सायकलवरही सुजणारच. कागद भिंतीला टेकवून त्यावर टाच भिंतीला लावून उभं राहा. बसून नाही, बसल्यावर पाय आखूड आणि अरुंद भरतो. पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटाशी खूण करा. ते अंगठाच असेल असं नाही. मग चवड्याची रुंदी. दोन्ही पायांची, आणि मोठा पाय धरायचा. नंबरांवर विश्वास ठेवू नका, सेंटीमीटरवर ठेवा. शिमानोच्या तक्त्यात ३८ म्हणजे २३.८ सेंमी, ३९ म्हणजे २४.५, ४० म्हणजे २५.२. दुसऱ्या कंपनीचा ३९ वेगळा निघू शकतो.

दुकानात जाताना तुम्ही चालवताना घालता तेच मोजे न्या. डेकॅथलॉनसारख्या ठिकाणी निदान निवांत घालून फिरता येतं, कोणी घाई करत नाही. बूट बंद करून जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवा आणि टाच खाली-वर करा. टाच आत उचलली गेली की तो बाद. बोटं पुढे टेकली तरी बाद. बोटं आत हलवता आली पाहिजेत, पियानो वाजवल्यासारखी. आणि "फैल जाएगा" हे चामड्याला लागू होतं. हे बूट सिंथेटिक असतात, जेमतेम ढिले होतात.

आता माझा प्रश्न. बधिर नेमकी कोणती बोटं होतात? तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे मुंग्या, जळजळ, खडा टोचल्यासारखं होत असेल आणि बूट काढल्यावरही राहत असेल, तर तिथली नस दाबली जाऊन जाड झालेली असू शकते. त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात आणि तो बायकांत जास्त आढळतो. तसं असेल तर बूट नंतर, आधी डॉक्टर.

अन्नपूर्णा_रोड

टाचणी, केवढं मनापासून लिहिलंत! रात्री नऊला भिंतीला चिकटून उभी राहिले, मुलीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. डावा २४.२, उजवा २३.९. चवडा डाव्याचा ९.८ सेंमी.

बोटं म्हणाल तर दुसरं आणि तिसरं. दुसरं जास्त. बूट काढून पाच मिनिटं चोळलं की ठीक होतं, नंतर काही राहत नाही.

सौ_शून्य

दुसरं बोट म्हणालात. जोडवी घालता का?

अन्नपूर्णा_रोड

...

घालते.

सौ_शून्य

सायकल चालवताना काढता?

अन्नपूर्णा_रोड

एकोणीस वर्षांत काढलेली नाहीत. चांदीची, तीन वेढ्यांची. आता बोटाकडे बघत बसलेय.

सौ_शून्य

माझंही तेच झालं होतं. मी रोडवाली आहे, पण बूट तितकाच कडक. मऊ बुटात जोडवं सरकतं, जागा करून घेतं. कडक बुटात त्याला जायला जागा नसते, मग ते शेजारच्या बोटात रुततं. मी सहा महिने इनसोल बदलत बसले होते. परदेशी व्हिडिओंत हे कोणी सांगणार नाही, त्यांना जोडवी माहीतच नाहीत.

टाचणी

मी कपाळावर हात मारून घेतलाय. दवाखान्यात पहिला प्रश्न मी हाच विचारते आणि इथे विसरले. +१००.

गंजकी_चेन

म्हणजे बूट बदलायची गरज नव्हती. मी आधीच म्हणालो होतो.

भटकभवानी

तुम्ही कॅनव्हास म्हणाला होतात.

चार_नंबर_पाना

घाई करू नका. जोडवी हे एक कारण असेल, एकमेव असेलच असं नाही. ताई, बूट उलटा करून क्लीटचा फोटो टाका. दुकानदाराने लावून दिलंय म्हणालात, ते वाचूनच माझी भुवई वर गेली.

अन्नपूर्णा_रोड

फोटो टाकलाय. नीट आलाय का?

चार_नंबर_पाना

वाटलंच. क्लीट खाचेत अगदी पुढच्या टोकाला आहे. म्हणजे सगळा जोर बोटांच्या मुळापाशी, जवळपास बोटांवरच. अरुंद बूट, त्यात जोडवं, आणि खालून हे. बिचाऱ्या बोटाने चाळीस मिनिटं तरी सोसलं म्हणायचं.

कसं करायचं ते सांगतो. बूट घालून चवड्याच्या आतल्या बाजूचं हाड चाचपा, अंगठ्याच्या मुळाशी असतं ते. तिथे बुटावर टेपचा तुकडा चिकटवा. मग करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूला, दुसरा तुकडा. करंगळीचा थोडा मागे येईल. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मधे. बोटं बधिर होत असतील तर मी करंगळीच्या खुणेकडे, म्हणजे मागेच झुकवतो. मागे घेतलं की पिंडरीवरचा ताणही कमी होतो. पेडल झपाट्याने फिरवताना अगदी किंचित फरक पडतो, तो आपल्यासारख्यांना कळतसुद्धा नाही.

कोन तुमच्या चालीप्रमाणे. टेबलावर बसून पाय मोकळे सोडा आणि बघा पंजे कुठे वळतात. बाहेर वळत असतील तर तसेच वळू द्या, सरळ करायच्या नादात गुडघा दुखवून घ्याल. एसपीडीत पाय थोडा इकडेतिकडे खेळतो, तेवढी मुभा आहे.

स्क्रू ४ मिमीच्या ॲलन कीने. स्क्रूला ग्रीसचा ठिपका लावा, नाहीतर आपल्या चिखलात सहा महिन्यांत गंजून बसतील आणि मग ड्रिल आणावं लागेल. आवळायचं ५ ते ६ न्यूटन मीटर. टॉर्कचा पाना नसेल तर छोटी की हातात धरून चांगलं घट्ट, पण अंगाचा भार देऊन नाही. पहिल्या दोन राइडनंतर पुन्हा तपासा. ढिलं क्लीट हे सर्वांत वाईट, कारण तुम्ही टाच फिरवता तेव्हा क्लीट जागीच राहतं आणि बूट त्याच्यावर फिरतो. सुटत नाही. राऊचा_भाऊंची म्हैसवाली गोष्ट मला तशीच वाटतेय, नुसती माती नव्हती.

राऊचा_भाऊ

आता तीन वर्षांनी काय सांगणार. म्हशीला विचारा.

चार_नंबर_पाना

अजून एक. पेडलवर ३ मिमीच्या ॲलनचा एक छोटा स्क्रू असतो, त्याने स्प्रिंगचा ताण कमी-जास्त होतो. सुरुवातीला सगळ्यात ढिला ठेवा, चारही बाजूंना सारखा. आणि शिमानोची दोन क्लीट मिळतात. एसएच-५१ फक्त टाच बाजूला फिरवली की सुटतं. एसएच-५६ जास्त दिशांनी सुटतं, घाबरून पाय वर खेचला तरी. नव्याला ५६ लावून द्या. चढावर खूप खेचलं तर कधी नको तेव्हाही सुटतं म्हणतात, पण पडण्यापेक्षा ते परवडलं.

अरुंद_गल्ली

वेल्क्रो की डायल, त्याचं राहिलं.

भटकभवानी

वेल्क्रो स्वस्त, दुरुस्त करायला सोपा, आणि गवतातून गेलात की कुसळांचं घर. पावसाळा संपला की दोन महिने माझ्या जुन्या बुटांचा वेल्क्रो बंदच व्हायचा नाही, एवढी कुसळं आणि गोखरू अडकलेले असायचे. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून सुईने एकेक काढायचं, तांदूळ निवडल्यासारखं. डायल महाग, पण चालवता चालवता एका हाताने घट्ट करता येतो, आणि तार सगळीकडे सारखी ओढली जाते. वरचा उंचवटा कमी असेल तर तो फायदा मोठा. तार तुटली तर मात्र रस्त्यात इलाज नाही. नाडीवाले दिसायला छान, पण नाडीचं टोक चेनमध्ये गेलं की संपलं, आणि चिखलात भिजलेली गाठ दातांनी सोडवावी लागते. मी ते केलंय. माळव्याची माती अजून चाखली नाही, पण नाशिकची चवीला बरी आहे.

सौ_शून्य

अवांतर: क्रॉस-कंट्री १९९६ ला अटलांटात ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा बायकांचं पहिलं सुवर्ण इटलीच्या पाओला पेत्झोने घेतलं, आणि २००० ला सिडनीतही तिनेच. टोकियोत तर तिन्ही पदकं स्वित्झर्लंडच्या मुलींनी नेली. मी ती शर्यत पाहिली. ओल्या दगडांवर भलेभले उतरून धावत होते. तेव्हा कळलं, बुटाखालचे दाते ही हौस नाही.

गंजकी_चेन

त्यांच्या आजोबांच्या चपला कोणत्या होत्या?

सौ_शून्य

:)) बरं, हा आवडला.

अन्नपूर्णा_रोड

सगळ्यांचे आभार. प्रयोग करायचं ठरवलंय. उद्या उजव्या पायातलं जोडवं काढते, डाव्यातलं ठेवते. क्लीट आहे तिथेच. सांगते काय होतं ते.

अन्नपूर्णा_रोड

निकाल. तेजाजी नगर ते सिमरोल आणि परत, मधे कच्चा रस्ता. डावा पाय नेहमीप्रमाणे चाळिसाव्या मिनिटाला गेला. उजवा एक तास दहा मिनिटं टिकला, मग हळूहळू तोही. परवा दोन्ही जोडवी काढली आणि क्लीट पानासाहेबांच्या सांगण्यावरून मागे घेतलं (टेप मिळाली नाही, मुलीचे स्टिकर लावले, एकावर युनिकॉर्न आहे). पावणेदोन तास. बधिर नाही. पण चवड्याच्या कडा दुखल्या, लाल झाल्या. म्हणजे बूट अरुंद तो अरुंदच.

जोडवी काढायला साबण आणि वीस मिनिटं लागली. सासूबाई बघत होत्या. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "गहू कापायला जायचो तेव्हा आम्हीपण काढून पदराला बांधायचो. हरवू नकोस म्हणजे झालं." आणि देवघरातली कुंकवाची रिकामी डबी आणून दिली ठेवायला.

टाचणी

अशा सासूबाईंचा पत्ता द्या, माझ्या पेशंटना पाठवते.

अन्नपूर्णा_रोड

पाच आठवड्यांनी परत आले, कारण धागा अर्धा टाकून पळणाऱ्यांत जायचं नाही.

दिवाळीला दीर आले, त्यांच्याकडून मागवले. जेन्ट्स, रुंद मापाचे, ३९. काळे. नायलॉनचा तळ, रबराचे दूरदूर दाते, वर डायल, पुढे एक छोटा वेल्क्रो (कुसळं गोळा करायची हौस भागवायला). बजेटच्या वर सातशे गेले. चवडा पहिल्या दिवसापासून सुटसुटीत. टाच थोडी हलत होती, त्यावर टाचणीला व्यक्तिगत निरोप केला. तिने आधी इनसोल बदलायला सांगितलं, कारण बुटाबरोबर येतो तो बहुतेकदा कागदासारखा असतो. कमानीला आधार असलेला थोडा जाड घातला, पाऊल वर आलं, टाच मागच्या कपात बसली. आता जिन्यावर उचलत नाही. क्लीट ५६ लावलं, युनिकॉर्नच्या मागे.

पहिल्या दिवशी अर्थात पडले. जंगलात नाही, घराच्या फाटकाशी, भाजीवाल्यासमोर. फाटक उघडं असेल असं धरून चालले होते. उजवा सुटला, पण सायकल डावीकडे कलली. भाजीवाल्याने आधी टोमॅटो सावरले, मग मला. त्यानंतर तीन दिवस अंगणात ओट्याला धरून दोन्ही पायांनी पन्नास-पन्नास वेळा अडकव-सोडव केलं. थांबायच्या आधी दहा फूट सोडायचा, हे अंगात भिनायला तेवढं लागलंच.

काल तिंछाच्या बाजूला ३४ किमी. बोटं शाबूत. एका ओढ्यात बूट गच्च भिजले, रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले, उन्हात नाही. सकाळी बोळे बदलले, दुपारपर्यंत कोरडे.

राहिला जांभळ्या पट्टीचा जोड. बूट वाईट नाही, माझ्या पायाचा नाही इतकंच. अरुंद_गल्ली, तुमचं माप काय?

अरुंद_गल्ली

२४.१ आणि २४.१. चवडा ८.९. टाचणीबाईंच्या पद्धतीने भिंतीला चिकटून. जोडवी नाहीत.

अन्नपूर्णा_रोड

मग या घालून बघायला. जुनं ५१ क्लीटही त्यालाच आहे. पैसे नंतर बोलू.

अरुंद_गल्ली

आज आले होते. बसला! टाचेला नि चवड्याला, दोन्हीकडे. जिन्यावर अकरा वेळा चढले-उतरले. सासूबाईंनी चकली दिली.

चार_नंबर_पाना

क्लीट मागे घ्या. युनिकॉर्न उपलब्ध असेल तर उत्तम.

राऊचा_भाऊ

रविवारी पावणेसहा, तेजाजी नगर चौक. दोघीही या. परवा पाऊस झालाय, बांधावरची माती अजून ओली आहे. स्पोक मी दोन जास्तीचे वाकवून ठेवलेत.